स्नायूंतील मूलपेशी आणि तिचा ‘कोनाडा’ : एका संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

जीवशास्त्राची परिभाषा ही बहुतांशी रूपकांतून घडलेली आहे. रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या पोकळ्यांसाठी ‘कोठडी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला. त्या पोकळ्या मुळात रिकाम्या नसतात हे पुढे स्पष्ट झाले, तरी शब्द मात्र बदलला नाही. मूलपेशींच्या अभ्यासात असाच एक शब्द १९७८ पासून रूढ आहे. रक्तपेशींना जन्म देणाऱ्या मूलपेशींविषयी लिहिताना स्कोफील्ड यांनी असे गृहीतक मांडले की, मूलपेशीचे मूलपेशीपण केवळ तिच्या अंगी नसते. ती ज्या जागी वसलेली असते त्या जागेमुळे ते टिकते. या जागेसाठी त्यांनी योजलेला ‘निश’ हा शब्द मूळचा वास्तुकलेतला. त्याचा सरळ अर्थ भिंतीतील कोनाडा.

इंग्रजी वाचकाला हे रूपक आता जाणवेनासे झाले असावे. मराठी वाचकाला मात्र ‘कोनाडा’ म्हटले की गवंड्याने भिंत उभारतानाच सोडलेली, दिवा ठेवण्याची जागा दिसते. कोनाडा दिव्याला वाऱ्यापासून राखतो. दिवा कोनाडा बांधत नाही, लिंपत नाही, बुजवतही नाही. स्नायूंतील मूलपेशींविषयी गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे संशोधन प्रसिद्ध झाले आहे ते पाहता हे चित्र अपुरे आहे, आणि या अपुरेपणाचे परिणाम केवळ शब्दांपुरते मर्यादित नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या मताची आणि त्याच्या मर्यादांचीही तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा अगत्याचा वाटतो. मराठीत ‘पेशी’ म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक आणि ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावणारे मांस. हिंदी पुस्तकांत ‘पेशी’ हाच शब्द स्नायूंसाठी येतो, त्यामुळे दोन्ही भाषांतील संदर्भ वापरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांचा हमखास घोटाळा होतो. येथे सर्वत्र मराठी अर्थच अभिप्रेत आहेत. पेशींच्या बाहेर, त्यांच्या अवतीभवती प्रथिनांचे जे जाळे असते त्याला ‘आधारद्रव्य’ आणि स्नायुतंतूभोवती त्याचे जे पातळ वेष्टन असते त्याला ‘आधारपटल’ असे म्हटले आहे.

जागेवरून पडलेले नाव

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले. स्नायुतंतूचे स्वतःचे आवरण आणि त्यावरचे आधारपटल यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत त्यांना काही चपट्या पेशी आढळल्या. तंतूला चिकटून, परंतु तंतूचा भाग नसलेल्या या पेशींना त्यांनी ‘उपग्रह पेशी’ हे नाव दिले. त्याच वर्षी लंडनमध्ये बर्नार्ड काट्झ यांनीही बेडकाच्या स्नायूंत अशा पेशी नोंदविल्या. मॉरो यांचा निबंध अवघ्या काही पानांचा आहे. पण या पेशी स्नायूंच्या पुनर्जननासाठी राखून ठेवलेल्या असाव्यात, ही शक्यता त्यांनी त्यातच सुचविली होती. ती पूर्णपणे सिद्ध होण्यास पन्नास वर्षे लागली. उंदरांतील पॅक्स-७ हे प्रथिन बाळगणाऱ्या या पेशी जनुकीय तंत्राने नष्ट केल्यास दुखापतीनंतर स्नायू पुन्हा उभा राहत नाही, हे २०११ मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांनी दाखविले.

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. या पेशीला नाव मिळाले ते तिच्या कार्यावरून नव्हे, तिच्या पत्त्यावरून. पॅक्स-७ ची ओळख २००० साली पटेपर्यंत, अमुक पेशी उपग्रह पेशी आहे हे ठरविण्याचा खात्रीचा निकष ‘ती आधारपटलाखाली आहे’ एवढाच होता. म्हणजे स्कोफील्ड यांचे गृहीतक येण्यापूर्वीच स्नायूंच्या बाबतीत जागा ही व्याख्येत शिरलेली होती. त्या जागेचे स्वरूप काय, ती कोण राखते, हा प्रश्न मात्र पुष्कळ उशिरा विचारला गेला.

पदवीच्या वर्गात आपण ही पेशी कशी शिकवतो? फळ्यावर लांब तंतू काढायचा, त्याच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढा ठिपका काढायचा आणि बाजूला ‘सुप्त’ असे लिहायचे. एम. फिल.च्या काळात कोंबडीच्या स्नायूंचे काप रंगविताना साध्या सूक्ष्मदर्शकाखाली उपग्रह पेशी आणि तंतूचे स्वतःचे केंद्रक यांत फरक करण्याची धडपड प्रस्तुत लेखकाने पुष्कळ केली. ते काम त्या साधनाचे नव्हे, हे उमगायला एक अख्खे सत्र गेले. परंतु दोष केवळ साधनाचा नाही. संशोधन वाङ्मयातही ही पेशी दीर्घकाळ गोलसर, निष्क्रिय अशीच रंगविली गेली, कारण ती बहुधा स्नायूतून सुटी काढून पाहिली जात असे. सुप्तावस्थेतील पेशीला तंतूच्या अंगावर दूरवर पसरलेले लांब, फांद्यांसारखे प्रवर्ध असतात आणि दुखापत होताच ती ते आत ओढून घेते, असे न्यूयॉर्कच्या क्राउस यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखविले. मसुराचा दाणा हा बऱ्याच अंशी पेशी सुटी करण्याच्या प्रक्रियेचा परिणाम होता.

पेशी स्वतः काय विणते

या संदर्भात सर्वाधिक महत्त्वाचा वाटणारा निबंध पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील ताजबख्श यांच्या गटाने २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील युक्तिवाद थोडा सविस्तर पाहण्याजोगा आहे. उपग्रह पेशी सुप्त राहण्यासाठी तिच्या पृष्ठभागावरील नॉच नावाच्या ग्राही प्रथिनाकडून येणारा संकेत आवश्यक असतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. हा संकेत पेशीच्या आत नेमके काय करतो, याचा शोध घेताना संशोधकांना आढळले की, तो ज्या जनुकांना चालना देतो त्यांत काही कोलॅजनांची जनुके आहेत. त्यांपैकी ५ क्रमांकाचे कोलॅजन पेशी स्वतः तयार करते, बाहेर टाकते आणि तेच कोलॅजन तिच्याच पृष्ठभागावरील कॅल्सिटोनिन ग्राहीमार्फत तिला विभाजनापासून रोखून धरते. केवळ उपग्रह पेशींतूनच या कोलॅजनाचे जनुक काढून टाकले तेव्हा कोणतीही दुखापत नसताना पेशी विभाजनचक्रात शिरू लागल्या आणि त्यांचा साठा हळूहळू घटत गेला.

या प्रयोगाचे मर्म त्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे. आजूबाजूच्या इतर पेशींचे जनुक शाबूत होते. शेजाऱ्यांनी विणलेले कोलॅजन त्या परिसरात असू शकत होते. तरीही ते पुरेसे ठरले नाही. पेशीला स्वतःच्या हाताने विणलेलेच पांघरूण लागते, असा याचा अर्थ होतो. मग ‘सुप्त’ या शब्दाचे काय करायचे? जी पेशी झोपून राहण्यासाठी सतत प्रथिने घडवून बाहेर पाठविते, ती नेहमीच्या अर्थाने झोपलेली नाही. सुप्तावस्था ही कामाचा अभाव नसून ते एक वेगळे काम आहे. हे आपल्या पाठ्यपुस्तकांत अद्याप आलेले नाही.

जागी झालेली पेशीही हेच करते, मात्र निराळ्या द्रव्याने. कॅनडातील ओटावा येथील रुडनिकी यांच्या गटाने २०१३ मध्ये असे दाखविले की, दुखापतीनंतर सक्रिय झालेल्या उपग्रह पेशी आपल्याभोवती फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचा तात्पुरता थर देतात. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींशी त्याचा संयोग झाला की डब्ल्यूएनटी-७-ए या संकेताला पेशी अधिक प्रतिसाद देते आणि मूलपेशींची संख्या वाढते. ज्या पेशींची फायब्रोनेक्टिन बनविण्याची क्षमता कमी केली, त्या रोपणानंतर पुन्हा आधारपटलाखाली स्थिरावण्यात मागे पडल्या. मातीच्या घरातील सारवणाशी याची तुलना करण्याचा मोह होतो. सारवण एकदाच करून भागत नाही. ते उखडते, ओल धरते, पुन्हा करावे लागते, आणि सणाआधीचे सारवण रोजच्यासारखे नसते.

कॅलिफोर्नियातील साको यांच्या गटाचे २०१६ मधील काम याच सूत्राला वयाची जोड देते. उंदराच्या गर्भातील स्नायूंच्या मूलपेशी प्रौढ उंदराच्या स्नायूत रोपल्यास त्या प्रौढ मूलपेशींपेक्षा अधिक फोफावतात. प्रौढ परिसरात येऊनही त्या प्रौढांसारख्या वागत नाहीत, याचे एक कारण म्हणजे त्या आपल्याबरोबर आपला परिसर घडविण्याची रीतही आणतात. फायब्रोनेक्टिन, टेनॅसिन-सी आणि ६ क्रमांकाचे कोलॅजन ही गर्भावस्थेतील आधारद्रव्ये त्या नव्या जागीही निर्माण करतात. या शेवटच्या कोलॅजनाविषयी इटलीतील पादुआ येथून २०१३ मध्ये स्वतंत्र पुरावा आला होता. ते नसलेल्या उंदरांचा स्नायू नेहमीपेक्षा अधिक मऊ असतो आणि वारंवार दुखापत झाल्यास त्यातील मूलपेशी स्वतःची भर काढण्यात कमी पडतात. निरोगी उंदराच्या तंतुजनक पेशी तेथे सोडून कोलॅजनाचा पुरवठा केला असता स्थिती सुधारली.

मऊपणाचा हा मुद्दा किरकोळ नाही. स्टॅनफर्ड येथील हेलन ब्लाऊ यांच्या गटाने २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखविले की, स्नायूएवढ्या, म्हणजे सुमारे १२ किलोपास्कल ताठरपणाच्या जेलवर आठवडाभर वाढविलेल्या मूलपेशी रोपणानंतर आपले काम करू शकतात. प्रयोगशाळेतील नेहमीच्या प्लास्टिक बशीवर वाढविलेल्या पेशी ही क्षमता झपाट्याने गमावतात. त्या बशीचा ताठरपणा स्नायूच्या सुमारे लाखपट भरतो. अनेक दशके आपण या पेशींविषयी जे निष्कर्ष काढले ते त्यांना फरशीवर झोपवून काढले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

घरासह सात, घराविना अकरा कोटी

पेशी आणि परिसर यांची फारकत केल्याचा परिणाम उपचारांच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. ड्युशेन स्नायुक्षय या आनुवंशिक विकारात डिस्ट्रॉफिन हे प्रथिन नसल्यामुळे मुलांचे स्नायू क्रमाक्रमाने निकामी होत जातात. निरोगी दात्याच्या स्नायुजनक पेशी वाढवून त्या मुलांच्या स्नायूत टोचाव्यात, ही कल्पना उंदरांतील यशामुळे १९८९ नंतर जोर धरू लागली. अमेरिकेत मेंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १२ मुलांच्या दंडाच्या स्नायूत महिन्यातून एकदा, याप्रमाणे सहा महिने, दर वेळी ११ कोटी पेशी टोचण्यात आल्या. स्नायूंच्या शक्तीत फरक पडला नाही. एका मुलाच्या सुमारे दहा टक्के तंतूंत दात्याचे डिस्ट्रॉफिन आढळले. बहुतेकांत ते आढळलेच नाही.

याच्या शेजारी लंडनमधील २००५ चा एक प्रयोग ठेवावा. कॉलिन्स, पार्ट्रिज आणि मॉर्गन यांच्या गटाने पेशी सुट्या न करता एक संपूर्ण स्नायुतंतू, त्यावरील उपग्रह पेशींसह, उंदराच्या स्नायूत रोपला. अशा एका तंतूवरील अवघ्या सात पेशींपासून शंभरांहून अधिक नवे तंतू तयार झाले. या दोन आकड्यांची थेट तुलना शास्त्रीयदृष्ट्या योग्य नव्हे, हे मान्य केले पाहिजे. एक प्रयोग मुलांवर, दुसरा प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांवर. एकात वाढवून विभेदनाच्या मार्गाला लागलेल्या पेशी, दुसऱ्यात ताज्या मूलपेशी. शिवाय उंदरांच्या स्नायूंना आधी किरणोत्सर्ग दिलेला होता, त्यामुळे यजमान स्नायूची भूमीही बदललेली होती. तथापि याच गुंत्यात मुद्दा दडलेला आहे. भूमी तयार केल्याशिवाय आणि पेशीला तिच्या परिसरापासून न तोडता नेल्याशिवाय संख्येने फारसे साधत नाही.

हा मुद्दा या नियतकालिकाच्या वाचकांपुढे आग्रहाने मांडण्यास एक निमित्त घडले. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील विभागात आले. धाकट्या मुलाला ड्युशेन स्नायुक्षय झाला होता. एका खासगी दवाखान्याने ‘मूलपेशींची इंजेक्शने’ सुचविली होती आणि त्यासाठी शेतीचा तुकडा विकावा का, हे विचारायला ते आले होते. त्यांच्या हातातील रंगीत पत्रकावर एका पेशीचे चित्र होते आणि तिच्यातून बाण निघून थेट धष्टपुष्ट दंडापर्यंत पोहोचत होता. मधे काहीच नव्हते. ना आधारपटल, ना चरबी, ना तंतुमय ऊती. ‘सर, पेशी चांगल्या असतील तर त्या लागतीलच ना?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा आपणही वर्गात जवळपास असेच चित्र काढतो याची जाणीव अस्वस्थ करून गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठराविक विकारांतील रक्तमूलपेशींचे रोपण वगळता अन्य मूलपेशींचा वापर रीतसर मंजूर झालेल्या चिकित्सालयीन चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेणे बसत नाही, एवढे त्यांना सांगितले. त्यांनी पत्रकाची घडी घालून ते खिशात ठेवले. पुढे त्यांनी काय केले ते विचारण्याचे धाडस झाले नाही.

अतिरेकाचा दुसरा टोक

कोनाड्याची कल्पना खोडून काढताना ‘सर्व काही पेशीच घडविते’ अशा टोकाला जाण्याचा धोका आहे, आणि काही अलीकडच्या लेखनात तो जाणवतो. त्याआधी ‘सर्व काही परिसरच ठरवितो’ असेही एक पर्व होऊन गेले. कार्लसन आणि फॉकनर यांनी १९८९ मध्ये म्हाताऱ्या उंदराचा स्नायू तरुण उंदरात बसविला तेव्हा तो चांगला सावरला, आणि तरुण स्नायू म्हाताऱ्या शरीरात मागे पडला. स्टॅनफर्डमधील रँडो यांच्या गटाने २००५ मध्ये तरुण व म्हाताऱ्या उंदरांचे रक्ताभिसरण जोडून म्हाताऱ्या मूलपेशींना पुन्हा कामाला लागलेले पाहिले. वृत्तपत्रांतून त्या काळी यौवनाच्या झऱ्याची बरीच चर्चा झाली. परंतु २०१४ मध्ये ब्लाऊ यांच्याच गटाने दाखविले की, वृद्ध उंदरातील सुमारे दोन-तृतीयांश मूलपेशी अंगभूत दोषाने ग्रस्त असतात; तरुण परिसरात नेऊनही त्या सुधारत नाहीत. मऊ जेल आणि आतील विशिष्ट संकेताला आळा घालणारे औषध, ही दोन्ही एकत्र दिली तेव्हाच उरलेल्या पेशींतून चांगले काम झाले. ड्युशेन विकारातही दोष केवळ तंतूत नाही. डिस्ट्रॉफिन उपग्रह पेशीतही असते आणि त्याच्या अभावी तिचे असमान विभाजन बिघडते, असे रुडनिकी यांच्या गटाने २०१५ मध्ये नोंदविले आहे. बी आणि जमीन यांतील दोष वेगळे काढण्याची सोय येथे नाही.

फायब्रोनेक्टिनचा प्रश्न तर अद्याप वादाचा आहे. ते उपग्रह पेशी स्वतः घालतात, हे वर आले. वृद्ध उंदरांच्या स्नायूंत ते घटते आणि बाहेरून पुरविल्यास पुनर्जनन सुधारते, असे २०१६ मध्ये लुक्यानेन्को आणि सहकाऱ्यांनी दाखविले; पण सावरणाऱ्या स्नायूतील फायब्रोनेक्टिनचा मोठा वाटा रक्तातून आलेल्या पेशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी यांच्याकडून येतो, असेही त्यांचे निरीक्षण आहे. दोन्ही निबंध आपापल्या जागी काळजीपूर्वक केलेले आहेत. स्वतः घातलेला थर आणि शेजाऱ्यांनी पुरविलेला साठा यांचे प्रमाण काय, पेशीला त्यांत भेद कळतो का, याचे उत्तर कोणत्याच निबंधात मिळत नाही. कोलॅजन-५ च्या बाबतीत जो निर्णायक प्रयोग झाला त्याच्या तोडीचा पुरावा येथे हवा होता.

आणखी एक आक्षेप पद्धतीविषयी आहे. स्नायूतून उपग्रह पेशी मिळविण्यासाठी कोलॅजिनेज हे विकर वापरतात. म्हणजे ज्या आधारद्रव्याशी पेशीचे नाते अभ्यासायचे तेच आधी पचवून टाकले जाते. या काही तासांच्या प्रक्रियेतच पेशीतील जनुकांची हालचाल बदलते, हे २०१७ मध्ये दोन गटांनी, पेशी जागच्या जागी स्थिर करून किंवा खुणावून, सिद्ध केले. त्यापूर्वीच्या कित्येक निबंधांत ‘सुप्त’ म्हणून जी पेशी वर्णिली गेली ती अर्धवट जागी झालेली होती. असे असूनही नंतरच्या आढाव्यांत ते जुने निष्कर्ष बिनदिक्कत उद्धृत होतात, हे खटकते.

याउलट जिवंत उंदराच्या स्नायूत प्रत्यक्ष पाहून केलेले वेबस्टर आणि सहकाऱ्यांचे २०१६ मधील निरीक्षण अधिक विश्वासार्ह वाटते. दुखापतीत तंतू मेला तरी त्याचे आधारपटल नळीसारखे मागे उरते. त्याला त्यांनी ‘भूत-तंतू’ म्हटले आहे. जाग्या झालेल्या मूलपेशी याच नळीच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे सरकतात आणि त्याच दिशेत विभागतात. मेलेल्या तंतूची चौकट नव्या तंतूंची दिशा ठरविते. म्हणजे येथे जुनी भिंत खरोखरच पेशीला वाट दाखविते, आणि त्याच वेळी पेशी त्या भिंतीवर नवा थर चढवीत असते.

ही बहुतेक सर्व माहिती उंदरांची आहे, हे विसरता येणार नाही. मानवी स्नायूंचे नमुने मिळतात ते शस्त्रक्रियेच्या वेळी, थोडे आणि एकदाच. एका माणसाच्या स्नायूत महिनाभर काय घडते ते पाहण्याची सोय नाही. ‘कोनाडा’ सोडून ‘घर’ म्हणावे, तर तो शब्दही आपले गैरसमज घेऊन येतो. घराला एक मालक असतो. येथे महाभक्षक पेशी, तंतुजनक पेशी, रक्तवाहिन्या, चेता आणि स्वतः तंतू असे अनेक हात एकाच भिंतीला लागलेले असतात. तूर्त प्रस्तुत लेखक वर्गात शब्द बदलण्याऐवजी आकृती बदलतो. मसुराच्या दाण्याऐवजी फांद्या असलेली पेशी, आणि तिच्याभोवती दोन्ही दिशांचे बाण. पेशीकडून कोलॅजन-५ कडे जाणारा बाण सलग रेषेचा काढला जातो, फायब्रोनेक्टिनकडे जाणारा तुटक रेषेचा. विद्यार्थी तुटक रेषेचे कारण विचारतात, आणि तासातला बराच वेळ त्यातच जातो.